नवसीचा अंगठा

"मावशी आली का रे?" प्रफुल्लने सकाळपासून सातव्यांदा विचारलं.

"नाय अजून," गाळ्यातला कारागीर अंकुश म्हणाला. "आणि तुमी येरझाऱ्या घातल्या म्हणून ती लवकर येणार नाय. बसा जरा, शेठ."

बसतोय कसला! बोईसरच्या एमआयडीसीतल्या या एवढ्याशा गाळ्यात तीन वर्षं डोकं खपवून प्रफुल्लने मोबाइलसाठी एक सेन्सर बनवला होता, झिजलेली बोटंही ओळखणारा. आज अकरा वाजता एका बड्या मोबाइल कंपनीचा माणूस तो पारखायला येणार होता. पसंत पडला तर कंपनी सेन्सरसकट अख्खा धंदा विकत घेणार. नाही पडला तर गाळ्याला कुलूप. मधलं काही नाही.

याआधी दोन कंपन्या नाक मुरडून गेल्या होत्या. गुळगुळीत बोटांना काय, कुठलाही फोन उघडतो. पण कोलंबी सोलून, मिठाबर्फात हात घालून ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्यात, त्यांना तो दारातही उभं करत नाही. प्रफुल्लची आई सफाळ्याला भातशेती करते. मुलाने हौसेने घेऊन दिलेला फोन तिला अंगठा लावून एकदाही उघडता आला नव्हता. तिथूनच हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं.

गेल्या महिन्यात मात्र पठ्ठ्याने बाजी मारली. रेषा सापडत नसतील तर चामडीचा खरखरीतपणा वाचायचा, असं त्याने सेन्सरला शिकवलं. आणि काय सांगावं! आईचा अंगठा टेकला आणि फोन पहिल्या झटक्यात उघडला. माउलीने तो उघडबंद करण्यात अख्खी दुपार घालवली.

आजच्या चाचणीसाठी त्याची भागीदार तेजल परवा मुरबे गावात जाऊन आली होती. तिथल्या नवसी नावाच्या कोळणीचा अंगठा तिने फोनात नोंदवला, नवसीला आजची वेळ सांगितली आणि फोन प्रफुल्लच्या हवाली केला. आता तेजल मुंबईत कंपनीच्या वकिलासमोर बसली होती. इकडून होकार गेला की तिकडे सह्या.

अकराला दहा कमी असताना दारात रिक्षा थांबली. साठीच्या घरातली एक बाई पदर खोचत उतरली.

"आंगठ्याचं काम हितंच हाय ना? मुरबेशी आलेय."

"या, या मावशी! जीव टांगणीला लागला होता माझा."

"काय करू, बाबा. आज होड्या भरून आल्यात. घरात कुनाला श्वास घ्यायला फुरसत नाय. पन शब्द दिला म्हनजे यायलाच पायजे."

प्रफुल्लला तिची पावलं धरावीशी वाटली. एवढ्या कामाच्या दिवशी ही बाई आली, शब्दाला जागली!

कंपनीचा निमेश अकराच्या ठोक्याला हजर झाला. बेंगळुरूहून आलेला, पण मूळचा डहाणूचा; चहात पातीचा, म्हणजे गवती चहा घाला म्हणाला, तेव्हाच प्रफुल्लला जरा धीर आला. पण गडी कामाला पक्का. आधी त्याने स्वतःचा अंगठा लावला. फोन ढिम्म. मग प्रफुल्लचा लावायला सांगितला. तरी ढिम्म.

"छान. परक्याला उघडत नाही," निमेश म्हणाला. "आता मावशी."

बाईने फोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "कंचा आंगठा?"

"उजवा. परवाचाच," प्रफुल्ल घाईघाईने म्हणाला. ऐन वेळी गोंधळते की काय ही!

"घट दाबू?"

"अलगद, मावशी. नुसता टेकवा."

तिने अंगठा टेकवला. फोन उघडला.

अंकुशने शिट्टीच मारली. निमेश हसला नाही. त्याने अंगठा ओला करायला लावला, मग मीठ चोळायला लावलं, मग शेजारच्या टपरीवरून बर्फ आणवून त्यात बुडवायला लावला. बाई बिचारी सांगेल तसं करत होती. प्रत्येक वेळी फोन उघडायचा. सात. आठ. नऊ.

"दहापैकी दहा!" निमेश ओरडला, आणि एवढा वेळ आवरून धरलेलं हसू त्याच्या तोंडभर पसरलं. "अहो, आमच्या मोठ्या प्रयोगशाळेला हे जमलं नाही. पुढच्या दिवाळीत आमच्या प्रत्येक फोनात हा सेन्सर बसणार. लोकांची बँक, कागदपत्रं, सगळं याच्या भरवशावर. करा फोन मुंबईला!"

प्रफुल्लने लगेच मुंबईला फोन लावला. "तेजल, कर सह्या! दहापैकी दहा!"

पलीकडून अशी किंकाळी आली की बाईने दचकून कानांवर हात ठेवले. पाच मिनिटांत निरोप आला, सह्या झाल्या. अंकुश प्रफुल्लला उचलून गरागरा फिरवू लागला, पेढ्यांचा खोका फुटला, शेजारच्या गाळ्यांतली माणसं "क्या हुआ, क्या हुआ" करत आत शिरली. प्रफुल्लने आईला फोन लावला, पण त्याला रडूच फुटलं आणि काही सांगता येईना.

निमेशने बाईला पेढा भरवला, हातात फोन देऊन मधोमध उभं केलं आणि फोटो काढला.

"मावशी, हा फोटो जगभर जाणार. खाली तुमचं नाव घालतो. सांगा, पूर्ण नाव सांगा."

"भागी कमलाकांत तांडेल."

प्रफुल्ल डोळे पुसत हसला. "अहो मावशी, नवसी ना?"

"नवसी बंदरावर मासली उतरवते, बाबा," बाई पेढा संपवत म्हणाली. "हितं घरटी येक मानूस पायजे, म्हनून मला धाडलं. मी तिची जाव."