तोंडातले खिळे

अनुदान कचेरीचे साहेब दुकानात शिरले तेव्हा सोफेवाल्या मामांच्या तोंडात खिळे होते, आणि समोर उभ्या असलेल्या शिवणवालीच्याही. दोघांच्या मध्ये एक उघडीबोडकी खुर्ची. कापडाचं एक टोक मामांनी धरलेलं, दुसरं तिने. नमस्काराला हात मोकळे नाहीत, 'या' म्हणायला तोंड मोकळं नाही. मामांनी मानेनेच स्टूल दाखवलं.

"चालू द्या," साहेब म्हणाले. "मला कामच बघायचंय."

ते कशाला आले होते ते दोघांनाही ठाऊक होतं. ज्याच्याकडे आजवर पगारी माणूस नव्हता, अशा छोट्या धंदेवाल्याने पहिला माणूस ठेवला, तर वर्षभर त्याचा अर्धा पगार सरकार भरणार होतं. अट एकच, माणूस नात्यातला नको. घरच्याच सुनेला नोकर म्हणून उभं करणारे बहाद्दर निघाले होते, म्हणून साहेबांच्या नशिबी ही दारोदार फिरस्ती आली होती. त्यांनी नकार दिला तर मामांना शिवणवालीला ठेवणं परवडणार नव्हतं. आणि एकट्या माणसाला खुर्चीवर कापड नीट ताणता येत नाही. म्हणजे तिची नोकरी जाणार आणि पाठोपाठ दुकानालाही कुलूप लागणार.

"हं," मामा म्हणाले. शिवणवालीने आपलं टोक किंचित सैल सोडलं.

"हंऽऽ." तिने पुन्हा ओढलं.

"हं-हं." तिने कोपऱ्याची घडी आत दुमडली आणि खिळा ठोकला.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "कोण ही तुमची?"

मामांनी खिळे तळहातावर काढले. "कामाला आहे."

"मामा, हा खिळा वाकलाय. काढू का?" शिवणवालीनेही तोंडातले खिळे काढून विचारलं.

"मामा?" साहेब म्हणाले.

"अहो, सगळा बाजार मला मामा म्हणतो. काल फोनवर तुमचा शिपाईसुद्धा मामाच म्हणाला. भाचे मोजत बसलो तर धंदा बुडेल माझा."

साहेब हसले नाहीत. "मामाचं सोडा. पण हे हं-हूं? माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी मोठ्याने चहा मागितला तरी घरात कुणाला ऐकू जात नाही. आणि तुम्ही नुसते हुंकारलात की हिला सगळं कळतं. परक्या माणसाला दोन-तीन महिन्यांत हे जमत नाही. सून आहे का? पुतणी?"

शिवणवाली उसळली. "कपड्यांच्या कारखान्यात होते मी, साहेब. तो बंद पडला म्हणून इथे आले. पहिले आठ दिवस तर मला वाटायचं, मामांच्या पोटात दुखतंय!"

"तिचं खरं आहे," मामा म्हणाले. "ही भाषा माझी आणि माझ्या बायकोची."

"म्हणजे आधी माणूस होतं दुकानात?"

"होतं. पण घरचं. तिला कसला पगार?"

आख्खा संसार मामा आणि त्यांच्या बायकोने असाच केला होता, मध्ये खुर्ची आणि तोंडात खिळे. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय गुणी जोडपं, कधी भांडत नाही. भांडत होती की! पण सगळं नाकातून. कधी तिला मध्येच हसू फुटायचं, खिळे खाली सांडायचे, आणि मग दोघं लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर रांगत ते वेचायची. तसं सुख पुन्हा आलं नाही. ती गेल्यावर मामांनी खिळे डबीत ठेवायला सुरुवात केली होती. बोलायला समोर कुणी नसेल, तर तोंड बंद ठेवण्यात काय मजा!

"असं सगळेच सांगतात," साहेबांनी पेन काढलं. "माझी खात्री कशी पटावी?"

असलेलं नातं दाखवता येतं, नसलेलं कसं दाखवायचं? त्यांनी खिळे पुन्हा तोंडात धरले. अर्धवट सोडलं तर कापड ढिलं पडतं, निदान खुर्ची तरी पुरी व्हावी. शिवणवालीनेही निमूटपणे खिळे तोंडात धरून आपलं टोक उचललं.

शेवटची कड बसली. मामांनी बैठकीवरून हात फिरवला. कुठे एक सुरकुती नाही. मान खाली तशीच ठेवून ते हुंकारले, लांब आणि हळुवार, शेवटाला जरासा वर गेलेला.

शिवणवाली गोंधळली. तिने कड चाचपली. मामांनी मान हलवली. तिने हातोडी उचलली. तेही नाही. शेवटी तिने तोंडातले खिळे काढले.

"मामा, हा कुठला? हा मला शिकवला नाहीत तुम्ही."

मामांनी गोरेमोरे होत खिळे काढले. "तुझ्यासाठी नव्हता तो. चुकून आला."

"पण म्हणजे काय?"

"खुर्ची पुरी झाली की मी तिला म्हणायचो..." मामांनी खुर्चीची पाठ थोपटली. "म्हणायचो, आता तू बस. नवी खुर्ची पहिल्यांदा तिचीच. गिऱ्हाईक नंतर."

साहेब खुर्चीकडे बघत राहिले, मग शिवणवालीकडे.

"घरची नाही," ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी सही केली.

ते गेले तशी शिवणवालीचा जीव भांड्यात पडला. "मामा, आता तोही शिकवून टाका ना," ती हसत म्हणाली. "उगाच एक कशाला राहायला हवा?"

मामांनी पुढची खुर्ची ओढून घेतली.

"तो पगारात येत नाही, बाई."