काचांची राखण

लशींच्या फिरत्या गाडीच्या टपावर सोलरच्या काचा ड्रायव्हर भाईदासनेच धुळ्याच्या गॅरेजात बसवल्या होत्या. बिनविजेच्या वस्तीवर मुक्काम पडला की फ्रीज त्या काचांच्या जिवावर चाले. बॅटरी जुनी, ऊन चुकलं की संपलं. गोवर घरोघर शिरला होता. सकाळी गाडी उघड्यावर लावून त्याने वस्तीवरच्या म्हाताऱ्या सुंदरबाईला बजावलं, "अक्का, काचांवर सावली पडू देऊ नका," आणि डॉक्टरीणबाईंबरोबर तो शेजारच्या वस्तीवरच्या आयांना बोलवायला गेला. संध्याकाळी परतला, तर लेकरं कडेवर घेऊन बायांची रांग उभी, आणि टपावरच्या काचांवर फडकी अंथरून ज्वारीचे पापड, बिबडे, वाळत घातलेले. डॉक्टरीणबाईंनी फ्रीज उघडला. लशीच्या बाटल्या कोमट लागल्या. भाईदास टपावर चढून फडकी ओढू लागला. काठी सावरत सुंदरबाई हरखून म्हणाली, "भाऊ, बिबडा तुमनाकरताच शेतस. कावळानी सावलीबी पडू दिन्ही नही!" रांगेत पहिली तिचीच नात होती.