चिपांची बाजू

तळोद्याच्या वर, शेतातल्या आमच्या खोलीभोवती माझा नवरा अजित आणि मी नाल्यातले दगड आणून भिंत रचत होतो. सिमेंट नाही की माती नाही. माझ्या सासऱ्यांची पद्धत होती: दगडाचं सपाट तोंड बाहेरच्या बाजूला, आणि रचणाऱ्याने आत उभं राहून फटींत दगडाच्या चिपा ठोकायच्या.

काल जेवून बाहेर आलो, तर भिंत एका थराने वाढलेली.

"हेमराजच शे हाऊ," अजित म्हणाला. शेजारच्या हेमराजशी बांधावरून आमचं वाकडं आहे.

"तो ते ऊसतोडले गुजरातमा जायेल शे," मी म्हटलं.

मला संशय अजितचाच होता. जेवता जेवता तो पाणी आणायला उठला होता आणि त्याने बराच वेळ लावला होता. म्हणून आज मी हंडा आधीच आत आणून ठेवला आणि ताट घेऊन त्याच्यासमोर बसले. तोही माझ्या हातांकडे बघत जेवत होता.

बाहेर ठोकण्याचा आवाज सुरू झाला.

आम्ही दोघं धावलो. फाटकासाठी सोडलेली जागा छातीपर्यंत भरली होती. वरून वाकून पाहिलं, तर पलीकडे नुसतं नांगरलेलं रान. आवाज मात्र चालूच होता.

नव्या दगडांची सपाट तोंडं आमच्याकडे होती. म्हणजे रचणाऱ्याच्या हिशेबाने बाहेर आम्ही होतो.

अजितने एका दगडावर हात ठेवला. दगड जरा हलत होता.

मग पलीकडून कुणीतरी चीप ठोकली, आणि अजितच्या हाताखाली दगड घट्ट बसला.