पहिल्याच रिंगला

थोरल्या जावेची लहान मुलांच्या कपड्यांची वेबसाइट उघडायला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. धाकटीची कापडी बाहुल्यांची वेबसाइट ती चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे होती आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडायची. थोरलीच्या पोटात दुखायचं. पण धाकटीसमोर कमीपणा कसा घ्यायचा?

"माझ्या कंपनीसारखी कंपनी नाही गं," ती ठसक्यात सांगायची, "पहिल्याच रिंगला फोन उचलतात!"

शेवटी तिने गुपचूप आपली वेबसाइट डोमेनसकट, म्हणजे नाव-पत्त्यासकट, धाकटीच्या कंपनीकडे न्यायचं ठरवलं. जुनी कंपनी काही केल्या सोडायला तयार होईना. आधी अर्ज मागितला, मग सही जुळत नाही म्हणाली, मग सही तपासणारे साहेबच रजेवर गेले. तीन आठवडे नाकदुऱ्या काढल्यावर एकदाचा ट्रान्सफरचा कोड हाती पडला.

दुसऱ्याच दिवशी वेबसाइट झटक्यात उघडली. आता धाकटीचा चेहरा कसा पडतो ते बघायला ती मोबाइल घेऊन तिच्या खोलीत गेली. धाकटी फोन कानाला लावून रडकुंडीला आली होती.

"ताई, तुमच्या कंपनीचा मला किती हेवा वाटायचा! म्हणून न सांगताच माझी वेबसाइट डोमेनसकट परवा तिकडे हलवली. तेव्हापासून वेबसाइट उघडत नाही, आणि आता साठ दिवस डोमेन तिथून हलवता येणार नाही म्हणे."

थोरलीने हातातला मोबाइल पाठीमागे लपवला.



"तुम्ही लावता तो नंबर द्या ना ताई, पहिल्याच रिंगला उचलतात तो."