खिडकीपलीकडचं तळं

छतावर रंगीत फितींनी सजवलेलं फर वृक्षाचं रोपटं चढलं आणि खाली गवंड्यांनी बिअरचे मग उंचावले. इमारतीचा सांगाडा पुरा झाला की इकडे चेक मुलखात, त्रेबोनकडे, रोपटं चढवायचंच, नाहीतर वास्तू लाभत नाही म्हणतात. बोहुमिला त्या गर्दीत थांबली नाही. सरळ आत, मुलांच्या झोपायच्या खोलीत गेली.

या बालवाडीचा नकाशा तिचा. त्याखाली सही मात्र व्लास्तिमिलची. देशात घुसलेल्या रशियन रणगाड्यांविरुद्ध बोलली तेव्हापासून तिला स्वतःच्या नकाशावर सही करायची बंदी होती. व्लास्तिमिल तिच्याच हाताखाली शिकलेला. "नाव तुझं लाव," ती त्याला म्हणाली होती, "फक्त माझ्या खिडक्यांना हात लावू नकोस." दुपारी पांघरुणात पडल्या पडल्या पोरांना बाहेरचं तळं दिसावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तिने खिडक्या जमिनीपासून वीतभर उंचीवर काढल्या होत्या.

समोरच्या खिडकीची खालची कड तिच्या छातीशी लागत होती.

व्लास्तिमिल मागून आला. मिशीला बिअरचा फेस.

"बाई, रागावू नका. भिंती कारखान्यातून तयार येतात आणि त्यांच्याकडे साचा एकच. वसाहतीला तोच, इस्पितळाला तोच, बालवाडीलाही तोच."

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही कारखान्यात जाऊन भांडला असता. मग त्यांनी विचारलं असतं, या कोण भांडणाऱ्या?" तो ओशाळं हसला. "उजेड भरपूर येतो की, बाई. आणि पोरं काय, इथे झोपायलाच तर येणार."

बाहेरून त्याला हाक आली. भाषण त्याचंच होतं. जाता जाता त्याने तिच्या खांद्याला हात लावला न लावला, आणि गेला.

बोहुमिलाने भिंतीला धरून सिमेंटच्या चुऱ्यात गुडघे टेकले. मान खाली घातली, पोराच्या डोक्याएवढी खाली, आणि समोर पाहिलं.

एक गवंडी सॉसेज चघळत दाराशी आला आणि दचकलाच.

"अहो मावशी, उठा, उठा! इथे सरकारी इमारतीत कसली प्रार्थना करताय? कुणी पाहिलं तर तुमच्याबरोबर मलाही धरून नेतील."

"प्रार्थना नाही रे. तळं बघतेय."

"असं खाली बसून?" त्याला हसू आवरेना. "उभ्या राहा की! केवढं मोठं आहे ते, लगेच दिसेल."

बाहेर टाळ्या पडल्या. बोहुमिला गुडघ्यांवरच राहिली, करड्या भिंतीकडे बघत.