दहावा हिस्सा

"जावई परगावी आहे ना? मग वैजूचा भार आज मी घेतो. सगळाच द्या हो, डॉक्टर," रामलिंग पैलवान म्हणाले.

"पहिल्यांदा दहावा हिस्साच देतात, आबा," डॉक्टर तांबोळी हसल्या. गरोदर बाईच्या शरीरावरचा ताण वाटून घेता येऊ लागल्यापासून तपासणीला घरचं कुणी ना कुणी येऊन पट्टा बांधायचं. पैलवानांनीही लेकीशेजारी बसून दंड पुढे केला आणि डॉक्टरांनी त्यावर पट्टा आवळला.

क्षणात घणाचे घाव बसावेत तसं त्यांचं डोकं ठणकू लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली कळ आली आणि आखाड्यात कुणाला न हटलेला तो गडी भिंत धरून खाली बसला.

"हा दहावाच हिस्सा?" त्यांनी लेकीकडे पाहिलं. "अगं, बाकीचा तू अंगावर घेऊन बसलीयस?"

वैजयंता कपाळ चाचपत होती. "किती हलकं वाटतंय, आबा! म्हणजे असं दुखत नसतं का? आईला विचारलं, सासूबाईंना विचारलं. सगळ्या म्हणाल्या, पोटुशीला एवढं चालायचंच."

डॉक्टरांनी घाईने तिचा रक्तदाब पाहिला आणि स्ट्रेचर मागवलं. "हे जिवावरचं आहे. बाळ आत्ताच काढावं लागेल."

संध्याकाळी मूठभर नात काचेच्या पेटीत रडली, वैजयंतानं डोळे उघडले. पैलवानांनी बायकोला फोन लावला. "दोघी सुखरूप आहेत," ते म्हणाले. मग तीन बाळंतपणं निमूट काढलेल्या त्या बाईला त्यांनी विचारलं, "तुलाही असंच दुखायचं का गं?"