यादीतलं पुढचं नाव

"मी विरोधात मत देणार," हेलेद म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते. नंतर पाठीत वार केला म्हणू नका."

गेथिननं चष्मा काढून पुसला. त्यांचा पक्ष दोघांचाच. एक नेता आणि एक अनुयायी, असं सेनेदच्या, म्हणजे वेल्सच्या संसदेच्या, कँटीनमध्ये सगळे चिडवत. पण या वर्षी वेल्सचं सरकार त्या दोघांच्या जिवावर तरलं होतं. दोघांनी तटस्थ राहून अंदाजपत्रक मंजूर होऊ द्यायचं आणि बदल्यात मुलांच्या दातांच्या दवाखान्यांना पैसे मिळवायचे, अशा करारावर दोघांनी सह्या केल्या होत्या. त्यांच्यापैकी एकानं जरी विरोधाचं बटण दाबलं, तरी अंदाजपत्रक पडणार होतं.

आणि जानेवारीत कळलं, की त्याच अंदाजपत्रकात हेलेदच्या खोऱ्यातल्या कुमहेलिग हॉस्पिटलचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद होतोय.

"सही तुझी आहे," गेथिन म्हणाला.

"सही केली तेव्हा वॉर्डाचं कुणी बोललं होतं का?"

"नव्हतं. पण तू शब्द मोडलास तर या पक्षाशी पुन्हा बोलणी कोण करेल?"

 हेलेद खोऱ्यातली, चॅपेलच्या बाकांवर वाढलेली. दिला शब्द फिरवणं तिला जमत नसे आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिची मुलगी माबली एप्रिलमध्ये बाळंत होणार होती, आणि पुढचं हॉस्पिटल घाटापलीकडे होतं. गेल्या हिवाळ्यात वॉर्ड काही दिवस बंद असताना बर्फानं घाट अडला, तेव्हा एका बाईचं मूल गाडीतच जन्मलं आणि गाडीतच गेलं. 

बाहेर पायऱ्यांवर नेरिस फलक घेऊन उभी होती. नेरिस त्या वॉर्डातली सुईण. माबली तिच्याच हातावर जन्मली होती. निवडणुकीच्या वेळी पक्षाच्या त्या भागातल्या यादीत पहिलं नाव कुणाचं, यावर सभासदांनी मतं दिली, तेव्हा नेरिस हेलेदच्या थोडक्यात मागे, दुसरी राहिली. "तूच जा बाई, मला कुठं भाषणं येतात," असं तेव्हा ती हसून म्हणाली होती.

"पुन्हा बोलणी कोण करेल, म्हणाला ना?" थर्मासमधला चहा ओतत नेरिसनं विचारलं.

हेलेदनं मान हलवली. ती इतकी थकली होती, की हे आपण नेरिसला कधी सांगितलं तेही तिला आठवेना.

"त्याचं एवढं मात्र खरं आहे," नेरिस म्हणाली. "शब्द मोडू नकोस. जन्मभर टोचत राहील तुला. मी ओळखत नाही का तुला?"

"मग काय करू? हातावर हात ठेवून बघत बसू?"

"राजीनामा दे."

"वेड लागलंय का तुला?"

"अगं, इथं पोटनिवडणूक नसते. जागा रिकामी झाली की यादीतलं पुढचं नाव आत. पुढचं नाव माझं. सही तू केलीयेस, मी नाही. मी येते, शपथ घेते, बटण दाबते. तुझा शब्दही राहतो."

"आणि माझी खुर्ची?"

नेरिसनं चहाचा कप तिच्या हातात दिला. "खुर्ची मोठी की माबली?"

हेलेदनं तो चहा प्यायलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा लिहिला आणि आधी गेथिनला दाखवला.

"घाई करू नकोस," गेथिन म्हणाला. पण कागद घ्यायला त्याचा हात पुढे आला होता. "सभापतींकडे मीच पोचवतो."

नेरिसनं शपथ घेतली, तेव्हा हेलेदनंच आपला निळा स्कार्फ तिच्या गळ्यात घातला. मग आपली खोली रिकामी केली. खोलीतलं सामान दोन पिशव्यांत मावलं, याचं तिला फार वाईट वाटलं.

मतदानाच्या दिवशी ती माबलीला घेऊन वरच्या गॅलरीत बसली. गॅलरी आणि सभागृह यांच्यामध्ये जाड काच. खालचं बोलणं स्पीकरवरून वर येतं. वरचं खाली काहीच जात नाही. गेथिनशेजारच्या खुर्चीत निळा स्कार्फ दिसत होता.

"आई, नेरिसमावशी एकदाही वर का बघत नाहीये?"

"घाबरली असेल गं. पहिलंच मत आहे तिचं."

माबली पोटावर हात ठेवून खाली वाकली. सभापतींनी मतदान पुकारलं. बाजूचं, विरोधाचं, तटस्थाचं, ज्यानं त्यानं आपापलं बटण दाबलं. नेरिसनंही दाबलं, ते हेलेदनं नीट पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला.

भिंतीवरच्या पडद्यावर आकडे आले. बाजूनं किती आणि विरोधात किती, हे वाचत ती थांबलीच नाही. तिची नजर थेट शेवटच्या ओळीवर गेली. तिथं गेथिनचं एकट्याचं मत असणार होतं.

तटस्थ : दोन.